पिशवीखालची सुपारी

राजेश्वरीनं ती मऊ, पारदर्शक पिशवी तळहातावर घेतली, अंगठ्यानं मधोमध दाबली आणि अंगठा काढल्यावर ती पुन्हा जागेवर कशी येते ते बघत बसली. मग उलटी केली. कडेनं नख फिरवलं. शिरवळच्या कारखान्यात ती माल तपासायच्या खात्यात होती, आणि तिथं रबराचा साधा वायसर हातात आला तरी ती असंच करायची. टेबलापलीकडं बसलेल्या डॉक्टर संयोगिता हनुवटीखाली हात घेऊन तिच्याकडं बघत होत्या.

"बायका आधी ही मऊ आहे का ते बघतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही जोड शोधताय."

"जायचं असलं की जोडातनंच जातं ना, मॅडम." राजेश्वरीनं पिशवी खाली ठेवली. "ही फेल कशी होते ते आधी सांगा. चांगलं काय होतं ते मग ऐकते."

डॉक्टरांच्या त्या खोलीत आजवर पुष्कळ बायका येऊन गेल्या असतील, पण असं विचारणारी बहुधा पहिलीच. त्यांनी समोरची फाईल बाजूला सारली आणि हातचं काही न राखता सांगायला सुरुवात केली. छातीत बसवलेली ही पिशवी जन्माची सोबतीण नव्हे. कुणाची पुष्कळ वर्षं टिकते, कुणाची लवकर बदलावी लागते. म्हणजे आज एक शस्त्रक्रिया करून घेतली की पुढं कधीतरी दुसरी होणार, हे धरूनच चालायचं. आत फाटली तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून तब्येत ठणठणीत असली तरी अधूनमधून तपासून घ्यायचं. शरीर तिच्याभोवती स्वतःचं एक आवरण विणतं, ते कधी कधी आवळतं, मग आकार बिघडतो, दुखतं. बोंडांची जाणीव कमी होऊ शकते, एखादीची कायमची जाते. पुढं मूल झालं तर दूध कमी पडू शकतं. आणि अगदी क्वचित, त्या आवरणातच एका जातीचा कॅन्सर होतो. काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर घरी बसायचं नाही.

राजेश्वरी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. भीती वाटत नव्हती असं नाही. पण काय बिघडू शकतं ते कळलं की तिला निम्मं हायसं वाटायचं, हा तिचा स्वभावच होता.

"आता माझा एक प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "हे कुणासाठी करताय? मिस्टरांनी सुचवलं?"

"ते फौजेत आहेत, आसामात. त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही." राजेश्वरी थांबली. मागं कोपऱ्यातल्या खुर्चीत तिच्या सासू, मनुबाई, बसल्या होत्या. पण बोलायचं तर आजच बोलायला हवं होतं. "बारावीपासून मी ब्लाउजला दुहेरी अस्तर लावते, मॅडम. लग्नाच्या फोटोत माझी छाती दिसते ना, ती शिंप्याची. मुलगा झाला, तो अंगावर पीत होता, तेवढे दिवस काय ती माझी स्वतःची होती. तेव्हा मी उगाच आरशासमोर उभी राहायचे. त्याचं पिणं सुटलं आणि तीही गेली. मला ती परत पाहिजे. कुणाला दाखवायला नाही. मला पाहिजे."

"हे उत्तर असलं की मी पुढं बोलते," डॉक्टर म्हणाल्या. "नवऱ्यासाठी नाहीतर जावेच्या टोमण्यासाठी आलेल्या बाईला चहा पाजते आणि परत पाठवते."

कोपऱ्यात खुर्ची वाजली. मनुबाई उठल्या होत्या. इतका वेळ त्या पदर तोंडाशी धरून, भिंतीवरच्या चित्राकडं पाठ करून बसल्या होत्या. चित्र बाईच्या छातीचं होतं, उभं चिरून आतलं सगळं दाखवणारं. त्या टेबलापाशी आल्या, कमरेचा बटवा सोडला, एक अख्खी सुपारी काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर ती मऊ पिशवी ठेवली आणि बोटांनी चाचपायला लागल्या.

"हिच्याखाली सुपारी लागत न्हाई हाताला," त्या म्हणाल्या. "मंग उद्या गाठ झाली तर बाईला कळावं कसं?"

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकल्या. "आजी, फार कमी जणी विचारतात हे." त्यांनी पिशवी उचलली, टेबलावर ठेवली आणि सुपारी तिच्यावर ठेवून वर रुमालाची घडी पसरली. "तुम्ही उलटं मांडलंत. पिशवी बसते मागं. आपलं अंग पुढं. गाठ झालीच तर आपल्या अंगात होते, म्हणजे अशी. आता बघा."

मनुबाईंनी रुमालावरून बोटं फिरवली. सुपारी लागली. बोटं तिथंच थांबली.

"म्हंजे हाताला लागती."

"लागते. यंत्रावर तपासताना मात्र पिशवी जरा आड येते. म्हणून जिथं जाल तिथं आधी सांगायचं, आत पिशवी आहे. आणि शस्त्रक्रियेच्या आधी सगळं तपासून घ्यायचं. आधीच काही असलं तर त्याच्यामागं पिशवी घालून मोकळं व्हायचं नाही."

"आन् गाठ आसली तर दुखत आसंलच की."

"बहुतेक वेळा नाही दुखत. तिथंच तर फसगत होते. दुखत नाही म्हणून बायका बसून राहतात."

मनुबाईंनी सुपारी उचलून बटव्यात टाकली. एरवी त्यांच्या हातात सुपारी आली की ती अडकित्त्यात जायची आणि तिथून तोंडात. आज त्यांनी बटव्याची दोरी ओढली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या.

राजेश्वरीला त्या क्षणी सासूचा फार अभिमान वाटला. ती त्यांना आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा, तिकडची रीतच तशी. सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या गावात ज्यांचं सगळं आयुष्य ऊस आणि म्हशी यांच्यात गेलं, त्या आत्यांना हे सांगायचं कसं म्हणून तिनं कित्येक आठवडे जीव टांगणीला लावला होता. शेवटी फोनवर एका दमात सांगून टाकलं आणि शिव्या खायची तयारी करून गप्प राहिली. पलीकडून एवढंच आलं होतं, "डॉक्टर बाई हाय का बाप्या?" बाई आहे म्हटल्यावर मनुबाई म्हणाल्या, "मी येते संगं." आणि खरंच आल्या. सुनेच्या पाठीशी असं उभं राहणारी सासू पंचक्रोशीत शोधून सापडली नसती.

"तंबाखू, सिगारेट, काही?" डॉक्टर विचारत होत्या. "त्यानं जखम भरत नाही, टाके उसवतात."

"नाही," राजेश्वरी म्हणाली.

"खोटं बोलू नगंस," मागून आवाज आला. "सकाळच्या पारी मिश्री लावती ती, डॉक्टरीनबाई. मी बी लावते. पर मला कुटं पिशव्या बसवायच्यात."

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. मिश्री त्या दिवसापासून बंद झाली. सुनेची तर झालीच, पण सासूनंही आपली डबी दवाखान्याच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. "तुला एकटीला कशाला तलप सोसाया लावू?" असं म्हणाल्या.

दवाखान्यातून निघून दोघी स्टँडसमोरच्या रसवंतीत बसल्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मनुबाईंनी रसाचा ग्लास अर्धा केला आणि तोंड पुसलं.

"आता गावात काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. माझ्या अंगाचं आहे, त्यात चोरी कसली?"

"खुळी हायस का? डॉक्टरला खरं सांगायचं. गावाला न्हाई. तुज्या मामास्नी हे कुनी सांगावं? मी सांगू?" मनुबाईंचे कान लाल झाले. मग त्या झटकन म्हणाल्या, "गाठ झालीया म्हनायचं. छातीत. काढून टाकली की झालं."

"आत्या, असलं अभद्र कशाला? अपेंडिक्स सांगा की."

"आपेंडिसला छातीला पट्टा बांधत्यात व्हय?"

राजेश्वरीनं ग्लास खाली ठेवला. "मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मी गप्प बसेन."

"व्हय. तू गप बस. माझं मी निभावते."

ते काही निभायचं नव्हतं, आणि त्यात मोठी चूक राजेश्वरीची होती. तिनं मुद्दाम सांगली निवडली होती. पुण्यात भावकीतली निम्मी पोरं नोकरीला, कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी भेटणार. सांगलीत कोण ओळखतंय, असा तिचा हिशेब. शिरवळला राहून राहून ती एक गोष्ट विसरली होती. सासरच्या गावात आजाराची पायरी ठिकाणावरून ठरते. औंधच्या दवाखान्यात नेलं तर कुणी मान वर करत नाही. साताऱ्याला नेलं तर चौकशी होते. कराडला नेलं तर लोक गंभीर होतात. आणि माणसाला मिरज-सांगलीला हलवलं असं कानावर आलं की बायका चुलीवरचं उतरवून निघतात.

मनुबाईंनी सांगितलं फक्त नवऱ्याला. लालासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सीमेवर बर्फात दिवस काढलेला माणूस. पण सुनेच्या छातीत गाठ आणि तीही सांगलीला काढणार, हे दोन शब्द एकत्र ऐकल्यावर ते ओट्यावर बसले आणि त्यांच्या तोंडून ते धाकट्या चुलतभावाला कळलं. त्यानंतर गावात सांगायचं कुणी राहिलंच नाही.

शस्त्रक्रियेआधी राजेश्वरीची तपासणी झाली तेव्हा मनुबाई सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. यंत्र छातीवरून कसं फिरतं, पडद्यावर काय दिसतं, थंड लागतं का, चोळी पुरी काढावी लागते का, किती वेळ जातो, सगळं त्यांनी त्या मशीनवाल्या मुलीला विचारून घेतलं. राजेश्वरीचा निकाल स्वच्छ आला. मनुबाईंनी देवीचं नाव घेतलं आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या.

शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर आली तेव्हा राजेश्वरीला छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर येऊन बजावून गेल्या: हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कळशी उचलायची नाही, पट्टा काढायचा नाही, ताप आला किंवा एकच बाजू टरारून सुजली तर लगेच कळवायचं. "आणि आत्ता दिसतंय त्यावरून रडायचं नाही आणि हुरळायचंही नाही. सूज उतरायला महिने जातात." राजेश्वरीनं पट्ट्याच्या आत हळूच डोकावून पाहिलं. निळंजांभळं, ताणलेलं, परकं काहीतरी होतं. तरी तिला हसू फुटलं, आणि हसल्यावर कळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गलका झाला. नर्स "एकेक जण, एकेक जण" म्हणत होती, पण गावाकडच्या बायकांना असलं ऐकू येत नाही. वडापची अख्खी जीप करून माणसं आली होती. शहाळी आली, केळी आली, कुणीतरी दशम्या बांधून आणल्या होत्या. लालासाहेब उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. सून पलंगावर असताना आत यायचं नाही, हा त्यांचा नेम इथंही सुटला नाही. दाराआडून त्यांची काठी आणि अर्धी टोपी तेवढी दिसत होती.

सगळ्यांत पुढं होती अंजनाकाकू, राजेश्वरीची चुलतसासू. तिच्या जिभेच्या वाटेला गावात कुणी जात नसे. राजेश्वरीच्या हळदीच्या दिवशी भर मांडवात हीच म्हणाली होती, "पोरगी गुनाची हाय, पर जरा पाटावानी हाय." बायका खिदळल्या होत्या. राजेश्वरीनं ते कधी विसरलं नव्हतं आणि माफ तर मुळीच केलं नव्हतं.

आज अंजनाकाकू काही बोलत नव्हती. पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लेकरा," ती म्हणाली. "जीवघेनं दुखनं आलं गं तुझ्या वाट्याला."

मनुबाईंनी कोपऱ्यातून डोळ्यांनी खूण केली: गप बस. राजेश्वरी गप्प बसली. बायका एकामागून एक येऊन तिच्या कपाळावर हात ठेवत होत्या, कुणाकुणाला अशीच गाठ झाली आणि त्यांचं पुढं काय झालं ते दबक्या आवाजात सांगत होत्या. सगळ्या हकीकतींचा शेवट एकच होता. राजेश्वरीला आपण आपल्याच दिवसकार्याला आलोय असं वाटायला लागलं. ती नजर चुकवून खाली बघू लागली, आणि तिला अंजनाकाकूचे पाय दिसले.

पाय उघडे होते. टाचांच्या भेगांत माती भरली होती. एका अंगठ्याला चिंधी बांधली होती आणि तळव्याच्या कडेला पोळून आलेला फोड फुटला होता.

"काकू, चपला कुठायत?"

"पिशवीत हायत." काकूनं काखेतली कापडी पिशवी दाखवली. "कळलं त्या दिशीच यमाईच्या पायरीवर काढल्या. म्हनलं, आई, लालाभावजींच्या घरातली गाठ जाऊ दे, गुन येऊ दे, मंगच घालीन. दर मंगळवारी डोंगर चढते."

"ह्या उन्हात? त्या गुडघ्यांनी?"

"गुडघं काय, मेल्यावर बी दुखत्याली."

राजेश्वरीनं डोळे मिटले. पाटावानी हाय म्हणणारी हीच बाई, आणि डोंगर चढणारीही हीच. तिला स्वतःची लाज वाटली नाही. जे केलं त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे तिला अजूनही पक्कं ठाऊक होतं. पण तिच्यासाठी दुसऱ्या बाईचे तळवे भाजले होते, आणि ते पाय बघून गप्प बसणं तिला जमणार नव्हतं.

"काकू," ती म्हणाली. "मला गाठ नाही."

"काढली की आता, म्हनून न्हाई."

"काढलीच नाही. नव्हतीच." तिनं श्वास घेतला, तोही जपून. "माझी छाती लहान होती. मला ती मोठी करून घ्यायची होती. आत पिशव्या बसवल्यात. आजार नाही काही. मी हौसेनं केलंय, माझ्या कमाईतनं, यांना विचारून आणि आत्यांना सांगून. आत्यांनी माझी अब्रू राखायला तुम्हाला दुसरं सांगितलं. त्यांना काही बोलू नका."

बाहेर काठी एकदा फरशीवर वाजली.

"म्हंजे गाठ न्हाई?" दाराआडून लालासाहेबांचा आवाज आला.

"नाही, मामा."

मग त्यांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. "मंग झालं तर. बाकीचं आमाला काय करायचंय."

अंजनाकाकूचं तोंड उघडं ते उघडंच होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. तिचं अंग हलायला लागलं. रडतेय की काय म्हणून शेजारची बाई पाणी घेऊन पुढं झाली, तर काकू हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी आणून हसत होती.

"आगं माझे बाई! आन् मी येडी मंगळवारी डोंगर चढतीया!" मग हसू आवरून तिनं राजेश्वरीकडं नीट पाहिलं. "त्या हळदीत मी बोलले ते लागलं व्हय गं तुला?"

"लागलं होतं. पण त्यासाठी नाही केलं. तुमच्या बोलण्यासाठी एवढं कोण सोसतंय?"

"तेबी खरंच," काकू म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. "पर धाडशी हायस. समद्यांच्या देखत सांगितलंस."

मग काय, खोलीचा नूरच पालटला. मघाशी कपाळावर हात ठेवणाऱ्या बायका पलंगाभोवती दाटल्या. दुखतं का, किती दिवस, पालथं झोपाय येतं का, लेकराला पाजाय येतं का. राजेश्वरीनं एकेकीला सरळ उत्तर दिलं. जन्माचं नसतं, पुढं बदलावं लागेल. पाजता येतं, पण दूध कमी पडू शकतं. जाणीव जाईल का राहील, ते तिला स्वतःलाच अजून माहीत नव्हतं. मिश्री सोडावी लागली म्हटल्यावर एक बाई हळूच मागं सरकली. कुणी नाक मुरडलं नाही असं नाही. खिडकीशी उभी असलेली एक म्हातारी "कलियुग" म्हणालीच. पण तीही ऐकत होती.

"चला," अंजनाकाकू उठत म्हणाली. "माझा नवस तर फिटला." तिनं पिशवीतून चपला काढून फरशीवर टाकल्या आणि उजवा पाय घातला. फोडाला पट्टा लागला तशी ती कळवळली.

"अंजना," मनुबाई म्हणाल्या. "थांब."

"आता काय?"

"चपला येवढ्यात घालू नगंस."

"आगं, हिला गाठच न्हाई तर—"

"तू आमच्या घरातली गाठ म्हनलीस न्हवं देवीला?" मनुबाई कुणाकडंच बघत नव्हत्या. "मंग ऱ्हाऊ दे नवस."

त्या कोपऱ्यातून उठल्या, पलंगापाशी आल्या आणि बटवा सोडला. सुपारी अजून अख्खीच होती. त्यांनी ती पांढऱ्या चादरीवर, राजेश्वरीच्या हाताशी ठेवली.

"येवढी हाय," त्या म्हणाल्या. "डाव्या अंगाला. दिवाळीच्या आदीपास्नं."

राजेश्वरी सुपारीकडं बघत राहिली. तो रुमाल तिला आठवला, त्यावर थांबलेली बोटं आठवली. रसवंतीत तो शब्द आत्यांच्या तोंडी किती चटकन आला होता. आपल्या पाठीशी उभ्या म्हणून जिचा अभिमान वाटत होता, ती बाई इतके दिवस एकटी स्वतःसाठीही ऐकत होती, आणि आपल्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"दुखतं का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाई," मनुबाई म्हणाल्या. "तेच तर."

अंजनाकाकूनं पायातली चप्पल काढली. दोन्ही चपला पुन्हा पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत धरून मनुबाईंना खेटून उभी राहिली.

"मामा," राजेश्वरीनं दाराकडं बघून हाक मारली, "मॅडमना बोलवता का?"

काठीचा आवाज व्हरांड्यात दूरवर पोचला होता. लालासाहेब हाक यायच्या आधीच निघाले होते.

मनुबाई पलंगावर टेकल्या. "डॉक्टर आली की मला बोलाया यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू इचार. त्या पिशवीचं इचारलंस ना, वाईट काय होतं ते आदी? तसंच समदं इचार."

"विचारते," राजेश्वरी म्हणाली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, हातांवर जोर न देता, ती सावकाश उठून बसली.